अराबाचा हात

अपामच्या किनाऱ्यावर मासे धुरवणाऱ्या बायका पुष्कळ. पण मासे धुरवून झाले की हात धुऊन रेडिओ जोडायला बसणारी एकच, अराबा. मंगळवारी समुद्रावर होड्या जात नाहीत, म्हणून तिचा तो वार मोकळा. बाकीच्या बायका त्या दिवशी वेण्या घालतात, भांडतात, ताणून देतात. ही अंगणातल्या बाकावर तारा पसरून बसायची. वाळत घातलेल्या मासळीवर पावसाचा थेंब पडला की कोकलणारी डबी तिनं बनवली, तेव्हा शेजारच्या एसीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये, पाऊस आला हे सांगायला डबी कशाला हवी? डोकं भिजतंच की!" पुढच्या पावसात सगळ्यांत आधी हिचीच मासळी आत गेली, आणि मग एसी गुपचूप येऊन तसलीच डबी मागून गेली.

हे वेड लावलं ओतूनं. बाजाराच्या तोंडाशी रेडिओ-दुरुस्तीचं दुकान असलेला म्हातारा तो. अराबाला स्वतःचा बाप धड आठवत नव्हता, म्हणून ती ओतूलाच 'एग्या' म्हणायची, म्हणजे बाबा. कथील वितळवून तारा जोडायची सोल्डरिंगची कांडी तिच्या हातात पहिल्यांदा त्यानंच दिली, मनगट धरून शिकवलं. एखादा जोड छान जमला की ती तो फडक्यात गुंडाळून त्याला दाखवायला न्यायची. तो भिंगातून बघायचा आणि म्हणायचा, "चमकतोय. हात आहे तुला, पोरी." एवढ्यावर ही बाई आठवडाभर धुरात बसून हसायची.

मग तिच्या मनानं घेतलं की आख्खा रेडिओ स्वतः बांधायचा. त्याच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा केसासारख्या बारीक. जुनी कांडी तापायची ती तापतच जायची, तिला ना लगाम ना ब्रेक. आता हवं होतं उष्णता ठरवून देता येणारं सोल्डरिंग स्टेशन.

ओतूनं आक्राहून तीन मागवली आणि तिच्यापुढे मांडली. एक होतं आकडे लखलखणारं, त्याला वजनच नव्हतं. दुसऱ्याला गरम वारा फेकणारी नळीही होती, पण ती हिला काय करायची? तिसरं दिसायला अगदीच साधं: जड पेटी, अंशांचे आकडे असलेलं एक बटण, आणि पेटीतून सुटी होणारी निळ्या मुठीची कांडी. अराबानं तिन्ही तापवून बघितली. जाड तांब्याच्या तुकड्यावर टोक टेकवून सोल्डर कुठं लगेच पसरतंय ते पाहिलं. निळ्या मुठीचं टोक तांब्याला भिडूनही थंड पडलं नाही. मूठ बोटांत अशी बसली की जणू तिच्याच मापानं केली होती.

"हेच," ती म्हणाली.

"बघा रे, माझी चेली!" ओतू गिऱ्हाइकांना म्हणाला. "रंगाला भुलली नाही."

आनंदाच्या भरात तिचा हात हलला आणि नवी मूठ दुकानातल्या तापलेल्या कांडीला लागली. निळ्या रबरावर अर्ध्या चंद्रासारखी भाजल्याची खूण उठली. ती ओशाळली. ओतू खदखदून हसला. "झालं! आता हे परत घेणार नाही हं. राहू दे इथंच, वायर तपासून ठेवतो. मंगळवारी ने."

मंगळवारी तिनं ते घरी आणलं, फडकं सोडलं, तर मुठीवर खूणच नाही. तिचे डोळे भरून आले. म्हाताऱ्यानं घासून घासून काढली असणार, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून! असा जीव लावणारा माणूस कुणाला मिळतो का, असं तिनं भाऊ फीफीला सुनावलंसुद्धा. फीफीनं केंकेचा, मक्याच्या आंबवलेल्या गोळ्याचा, घास मिरचीत बुडवला आणि म्हणाला, "बरं."

आणि मग सगळं बिघडतच गेलं. टोक काळं पडायला लागलं. पट्टीवरच्या रेघा उकडलेल्या माशाच्या सालीसारख्या सुटून वर यायच्या. तिनं आकडा खाली आणला, तरी तेच. शेवटी ती जळकी पट्टी घेऊन दुकानात गेली.

ओतूनं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती.

"मशीन तर बरोबर आहे ना, एग्या?"

"मशीनला काय धाड भरलीय? तुझा हात जड झालाय, अराबा. जन्म गेला धुरात, डोळे गेले, बोटं गेली. होतं असं. आता कशाला त्रास करून घेतेस?"

गिऱ्हाइकं हसली. ती घरी आली. नवी पट्टी घेतली, तीही जळली. मग तिनं बाकावरच्या तारा आवरल्या, स्टेशन जाळ्यांच्या खोलीत ठेवून दिलं. मासे उलटताना ती आपल्या बोटांकडे बघत राहायची. चुलीत बोट न घालता आच ओळखणारा हात तो, आणि तिला त्याचीच लाज वाटायला लागली. एसीनं डबी दुरुस्त करायला आणली, तर म्हणाली, "दुसऱ्याकडे ने गं. माझा हात गेलाय."

एका मंगळवारी फीफी अंगणात जाळं दुरुस्त करत होता. नायलॉनच्या दोरीची टोकं वितळवून बंद करायला त्यानं ते स्टेशन मागितलं.

"घे. दोनशेच्या वर नेऊ नकोस, दोरी जळेल."

थोड्या वेळानं त्याची बोंब उठली. "ताई! काय कांडी आहे की भट्टी? माझं शिसं पाणी केलंन् हिनं!"

जाळ्याला बांधायच्या शिशाच्या चपट्या गोळ्यांवर त्यानं ती कांडी आडवी टाकली होती. दोन गोळ्या वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या. अराबानं आकडा बघितला. दोनशे.  सोल्डर लवकर वितळतं, शिसं नाही. त्यासाठी कोळसा लाल होईस्तोवर पंखा हलवावा लागतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दोनशेवर शिसं हलतासुद्धा कामा नये. म्हणजे आकडा खोटा होता. तिचा हात खोटा नव्हता.

तिनं मूठ उलटसुलट करून पाहिली. स्क्रूची तोंडं झिजलेली होती. नव्या मुठीचे स्क्रू झिजतात होय! खूण कुणी घासून काढली नव्हती. ही मूठच तिची नव्हती.

स्टेशन काखेत मारून ती तडक बाजारात गेली. ओतू कामात होता. त्याच्या बोटांत निळी मूठ होती आणि रबरावर अर्धा चंद्र. अराबानं वितळलेलं शिसं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

ओतूनं शिसं बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "तू नंतर ये."

"माझंही मशीन हेच. त्याच्या मुठीतलं आच मोजणारं जळालं होतं," तो हळूच म्हणाला. "पोट आहे माझं यावर. तुझा तर फावल्या वेळचा खेळ. म्हटलं, नवी मागवली की गुपचूप बदलून देईन. मग राहूनच गेलं."

"मागितली असतीत तर मी हातानं काढून दिली असती. ते जाऊ दे. माझ्या हाताला का नावं ठेवलीत? चार माणसांत?"

ओतूनं चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"बोला ना, एग्या."

"मशीनचं नाव घेतलं असतं तर तू पेटी उघडली असतीस," तो म्हणाला. "तेवढं शिकवलंय मी तुला."

 तिनं त्याची झिजलेली मूठ बाकावर ठेवली आणि आपली उचलली. ती अजून गरम होती. तो काहीतरी म्हणत होता, ती थांबली नाही.

घरी येऊन तिनं पट्टी मांडली.  आधी राग निवू दिला, मग टोक टेकवलं. सोल्डर पसरलं, रेघ जागची हलली नाही. एकच जोड, पण असा चमकला की फीफीही जाळं टाकून बघायला आला. "अरे वा! कुठं गेलाय तुझा हात?"

अराबा हसली. तिनं पट्टी फडक्यात गुंडाळली, चपलेत पाय घातला आणि फाटकापर्यंत गेली.

"कुठं निघालीस?" फीफीनं विचारलं.

ती फाटकाला धरून उभी राहिली. मग परत येऊन बाकावर बसली. फडकं तिच्या मांडीवर तसंच गुंडाळलेलं होतं.

"कुठं नाही," ती म्हणाली.