मास्तरांची गाडी मापात येते

निम्म्या शहराचे खांदे मास्तरांच्या टेपखालून गेले होते. हात थरथरू लागले तसं त्यांनी शिवणकाम सोडलं, मशीन गॅरेजच्या भिंतीला सरकवलं आणि सारा जीव लावला तो वीस वर्षं जुन्या गाडीला. गाडी सुरू झाली की ते असे कौतुकाने बघत, जणू नातीने पहिलं पाऊल टाकलं!

मास्तरीणबाई मात्र त्या गाडीत बसत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी दोघं लेकीकडून परतताना डोंगर उतरत होते. डिकी गच्च भरलेली. अचानक ब्रेकचं पेडल लोण्यात पाय रुतावा तसं खाली गेलं. मास्तरांनी कशीबशी गाडी वाळूच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंही नाही. बाई उतरल्या, चपलांतली वाळू झटकली आणि म्हणाल्या, "ही माझी शेवटची फेरी."

तेव्हापासून लेकीकडे जायचं तर बाई बसने आणि मास्तर गाडीने. तासभर आधी पोचून, स्टँडवर बायकोची वाट बघत उभे!

या खेपेला मात्र मास्तरांनी चंग बांधला. मागचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले. बसक्या स्प्रिंगा गेल्या, दणकट आल्या. शॉक ॲब्सॉर्बरही कोरे. चाकं अधांतरी राहतील अशी गाडी लोखंडी घोड्यांवर टांगून, पाठीखाली सतरंजी घेऊन तीन आठवडे खपले. ब्रेकमधली हवा काढायला शेजारचा बस ड्रायव्हर आला. पहिली चक्करही त्यानेच मारली.

"मास्तर, ब्रेक एकदम झकास! पण ही मागून उचकी लागल्यासारखी का उडते? कुरकुरतेय पण."

तो ड्युटीवर निघून गेला. मास्तर उलट्या डब्यावर बसून राहिले. गाडीची मागची बाजू उगाच वर, ताठ. चहा घेऊन बाई दारात आल्या.

"नाक फुगवलंय वाटतं तिने?"

"सगळे नट घट्ट आवळले गं. एकही ढिला नाही."

"कधी आवळले?"

"कधी म्हणजे? टांगलेली होती तेव्हाच."

"मग बरोबर आहे. टांगलेल्या माणसाच्या अंगावर कोट बेतलात. तो खाली उतरून चालायला लागला की काखेत काचणारच!"

मास्तरांचा कप हवेतच राहिला. मागच्या चाकांच्या सांध्यांमधली रबरं! चाकं लोंबकळत असताना आवळली, आणि गाडी खाली येताच सगळ्यांना पीळ बसला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सरळ उभं करून माप घेणाऱ्याने ही चूक करावी?

त्यांनी मागची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवली, चारही चाकांना पाचरी लावल्या, नट सैल केले. मग खाकरले.

"मागच्या सीटवर वजन हवं होतं जरा."

"माझं वजन बरं आठवलं!"

"दुसरं आहे कोण घरात?"

बाईंनी पाचरी एकेक करून पायाने ढकलून पाहिल्या. मग दार उघडून आत बसल्या, पाठ न टेकता. खालून पान्याचा आवाज येत राहिला.

"अहो, काही बोलत राहा. जिवंत आहात ना?"

"आहे, आहे. जरा डावीकडे सरक. हां, तिथेच!"

अर्ध्या तासाने मास्तर काळेकुट्ट होऊन बाहेर आले. "झालं. उतर आता."

बाई उतरल्या नाहीत. "पाचरी काढा," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंतच हं."

गाडी फळ्यांवरून अलगद खाली आली. कुरकुर नाही, उचकी नाही. कोपऱ्यावर मास्तरांनी ब्रेक दाबला, आणि ती शहाण्यासारखी उभी राहिली.

बाईंनी आता कुठे पाठ टेकली. मग म्हणाल्या, "पुढचा कोपरा पण चालेल."

चौथ्या कोपऱ्यावर त्या उतरून पुढच्या सीटवर आल्या. मागून सूचना द्यायला फार ओरडावं लागत होतं.