दोघांपुरतं जहाज

आमच्या ह्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. पंचायत समितीत कारकुनी केली, तिथंही नाही म्हणायची वेळ आली की हे पाणी प्यायला उठायचे. त्याहून वाईट खोड म्हणजे 'चला' म्हणायची. आमच्या जानेफळात जेवताना कोणी दारात आलं, तर 'या जेवाले' म्हणायची रीत आहे. येणारा 'होऊ द्या' म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. ह्यांनी ती रीत जेवणावरून उचलली आणि जगातल्या सगळ्या गोष्टींना लावली. दवाखान्यात निघाले तरी वाटेत भेटेल त्याला, "चालता का मेहकरले?" आणि आमचे लोकही असे गुणाचे की चालतात.

नवीन लग्न झालं तेव्हा मला लोणार दाखवायला नेलं. स्टँडवर पाहते तर ह्यांचे दोन दोस्त आणि एक चुलतसासू आधीच पिशव्या घेऊन हजर. लोणारचं सरोवर मी त्या चुलतसासूचा हात धरून पाहिलं. तिचे गुडघे दुखत होते आणि हे दोस्तांबरोबर पार पुढं गेले होते. पुढं वेरूळ झालं, तेही जीप भरून. मी मागच्या सीटवर, मांडीवर पोळ्यांचा डबा. हिंडणं झालं माझं, खोटं कशाला बोलू. पण नवऱ्यासंगं, दोघंच, असं कुठं गेले म्हणाल, तर रक्त तपासायच्या लॅबमध्ये.

मी स्वतः आरोग्य सेविका होते. लस घ्यायला घाबरणारी माणसं गुरांच्या कोठ्यात लपायची, त्यांना बाहेर काढून टोचलेलं आहे. माझ्यापुढं बोलायची गावात कोणाची टाप नव्हती. घरात मात्र एक साधी गोष्ट मला मागता येईना. दोघंही रिटायर झालो आणि मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही आता जहाजावर फिरून या, क्रूझवर." तेव्हा मी मनाशी एकच धरलं, या बारीला दोघंच जायचं. तोंडानं बोलले नाही. या वयात नवऱ्याला असं कसं म्हणायचं, लाज वाटते माणसाला.

आठवडाही गेला नसेल. ह्यांनी नणंदबाईंना विचारलं, धाकट्या दिराला विचारलं, शेजारच्या रिटायर तलाठ्यांना जोडीनं विचारलं. सगळे म्हणाले, "येतो की." मी भांडी जरा जोरातच घासली त्या दिवशी. ह्यांनी विचारलं, "काऊन व, तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, ठणठणीत आहे.

बुलडाण्यात एक बाई आहे, ती फक्त जहाजाच्याच सहली ठरवून देते. चिखलीकडची पोरगी, काही वर्षं जहाजावर नोकरी करून परत आली आणि घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. समुद्र इथून कुठल्या कुठं, पण तिच्याकडं गिऱ्हाईक असतं. आम्ही सगळे जीप करून तिच्याकडं गेलो. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा तिनं आतून चटई आणली.

मला वाटलं होतं, फोटो दाखवेल आणि पैसे सांगेल. पण ती डॉक्टरसारखी एकेकाला विचारत बसली. एसटीत मळमळतं का? गुडघे कसे आहेत? पहाटे उठायची सवय की उशिरा? लक्षद्वीपचं जहाज चांगलं आहे म्हणाली, पण तिथं मोठ्या जहाजातून छोट्या होडीत उतरावं लागतं, आणि लाट असली की होडी हलते, तेव्हा गुडघेवाल्यांनी तिकडं जाऊ नये. शनिवार-रविवारचं गोव्याचं जहाज तर घेऊच नका, रात्रभर गाणी वाजतात. ज्याला मळमळतं त्यानं खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्यावी. तिथं कमी हलतं. मला ती पोरगी आवडली. फुकट गोड बोलत नव्हती.

मग तिनं वही बाजूला सारली आणि म्हणाली, "आता शेवटचं. डोळे मिटा आन सांगा, जहाजावर संध्याकाळ झाली हाये, तर तुम्ही काय करून राह्यले?"

दीर म्हणाले, "मोबाईलले रेंज पाहून राह्यलो." तलाठी म्हणाले, पत्ते. तलाठीणबाई म्हणाल्या, तिथं भाकर भेटते का ते आधी सांग. नणंदबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "मी खोलीत पांघरूण घेऊन पडली हावो." हे म्हणाले, "मी सर्वाईले चहा सांगून राह्यलो." सगळे हसले. मग माझी पाळी आली.

डोळे मिटले आणि काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "हे आन मी कठड्यापाशी बसलो हावो. दोघंच. दुसरं कोनी नाई."

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडंच पाहत होते. मला धरती पोटात घेईल तर बरं असं झालं. नणंद समोर, दीर समोर. ती पोरगी मात्र जराही गडबडली नाही. म्हणाली, "मंग काकू, मी जे सर्वाईसाठी पाहून ठेवलं, ते जहाज तुमच्या कामाचं नाई. त्यात सगळ्यायच्या खोल्या एका रांगेत हायेत, जेवाले एक मोठा टेबल." आणि ह्यांच्याकडं वळली. "काका, या दोन येगळ्या सहली झाल्या. कोनती बुक करू?"

ह्यांनी इकडंतिकडं पाणी कुठं आहे ते पाहिलं. पाणी नव्हतं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला. माझ्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं. मी पदराच्या टोकाशी चाळा करत बसले होते. आणि हे अगदी हळू म्हणाले, "दोघाईचीच करा."

नणंदबाईंनी मोठा श्वास सोडला. "लय बरं केलं रे बापू. मले तर पान्याचं भेव वाटते. तू बलावलं, मंग नाई कसं म्हनू?" मग काय, एकेकाचं तोंड उघडलं. तलाठीणबाईंना मुलीकडं बाळंतपणाला जायचं होतं. दिराची तर तूर काढायला आलेली. सगळे ह्यांच्या एका 'चला'ला मान देऊन तयार झाले होते आणि मी उगाच भांडी घासून घासून हात सोलून घेतले. परत येताना चिखलीच्या पुढं जीप थांबवून आम्ही कचोऱ्या खाल्ल्या. नणंदबाई मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "आधीच बोलली असती तं?" मला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं.

त्या पोरीनं आम्हाला मुंबईहून कोचीनला जाणारं जहाज काढून दिलं, आठवड्याच्या मधल्या दिवसांचं, बाल्कनीची खोली. जहाजावर घरचं खाणं नेऊ देत नाहीत, हेही बजावून ठेवलं होतं. पण नणंदबाई कुठल्या ऐकतात. त्यांनी धपाट्यांचा डबा आणि ठेचा बांधून दिलाच. मुंबईच्या धक्क्यावर बॅगांवर बसून आम्ही तो संपवला, आणि हे रांगेतल्या लोकांना "घ्या ना, घ्या" म्हणत वाटत सुटले. स्वभाव काय जहाज पाहून बदलतो? मी म्हटलं, वाटा, पोटभर वाटा.

संध्याकाळी आम्ही वर कठड्यापाशी दोन खुर्च्या धरल्या. पाणी कुठंच संपत नव्हतं. मी आपली बघत होते, आणि मागून आवाज आला. धक्क्यावर ज्यांनी धपाटे खाल्ले ते नागपूरचं जोडपं उभं होतं. "काका, चला ना, पत्ते मांडले आहेत. काकू, तुम्ही पण चला."

हे अर्धे उठले. मी समुद्राकडंच पाहत राहिले. या वेळी विचारायला ती पोरगी नव्हती.

"नाई हो," हे म्हणाले. "आमी दोघंच बसतो."

आणि खाली बसले. खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवली. बोटं कडाकडा मोडत बसले. मग म्हणाले, "काय बोलू व? मले काईच सुचून नाई राह्यलं."

"नका बोलू."

"मंग तू बोल. मी आयकतो."

मी लोणारपासून सुरुवात केली.