जांभळाचा सिरका

बाजारात जांभळांची पाटी दिसली, त्यांचा तो तुरट वास आला, की मी अजूनही रस्ता बदलतो. स्वातंत्र्याला वर्ष-दोन वर्षं झाली होती, आमच्या नेवाशाकडे दारूबंदी नुकतीच आली होती. अब्बा दरसाल जांभळाच्या रसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचे, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून, हवा लागेल असा. त्या साली मी एकोणीस वर्षांचा होतो. दोस्तांच्या नादाने एका बरणीत गुपचूप गूळ टाकला आणि झाकण कणकेने लिंपलं. हवा लागली नाही की सिरका होत नाही, दारू होते. कुणीतरी चुगली केली. भर दुपारी पोलीस जमादार दारात येऊन उभा राहिला. नेमकी तीच बरणी त्याने उघडली. "चाचा, सिरक्याला असा वास येतो व्हय?" "सिरकाच हाय, दरसाल घालतो," अब्बा म्हणाले. "मग प्या की वाटीभर. न्हाईतर चला चौकीत." पाच वेळची नमाज कधी न चुकवणाऱ्या माझ्या बापाने वाटी भरली. थांबा म्हणावं तर मला बेड्या, गप्प राहावं तर हे पाप. मी भिंतीला टेकून गप्प राहिलो. पहिल्याच घोटाला त्यांना कळलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाटी रिकामी केली. "लई आंबट हाय," ते म्हणाले, "अजून मुरायचाय." जमादार हसला. "तुमी प्यालात म्हंजे सिरकाच." त्या संध्याकाळी मशिदीतून बांग झाली, पण अब्बा ओट्यावरून उठले नाहीत. मला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. आता माझा मुलगा विचारतो, आपल्या घरी जांभळं का येत नाहीत. मी सांगतो, माझा घसा धरतो.