आत्याचा मान

कॅनडाहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, मुलगी झाली! नाव तूच शोध हां. अर्थ चांगला पाहिजे आणि त्या नावाचं कोणीतरी मोठं होऊन गेलेलं पाहिजे." मान आत्याचाच, पण बोरिवलीतल्या माझ्या घरात दुसऱ्या कुणासाठी काही ठरवायची वेळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती. मी हरखून कामाला लागले.

ऑफिसातून आलं की मोबाइलवर नावं चाळत बसायचे. शेवटी एक सापडलं. अर्थ, पहाटेचा पहिला उजेड. त्या नावाची एक राणी घोड्यावर बसून लढली होती, एक डॉक्टरीण गावोगाव फिरून बाळंतपणं करायची आणि एक खो-खो खेळायची. तिचा फोटोही होता, दोन्ही गुडघे फुटलेले. राणीपेक्षा मला तीच आवडली.

पण नुसतं वाचून नाव कळत नाही, हाक मारून बघावं लागतं. म्हणून स्वयंपाकघरातून ते नाव घेऊन हाक मारली, "चल गं जेवायला!" एकदा लाडाने, एकदा ओरडून. दोन्ही शोभलं. मग ती सवयच लागली. एके दिवशी शेजारच्या काकूंनी दारातच गाठलं.

"कोण आलंय गं तुझ्याकडे?"

"भाची," मी बोलून गेले. खरं सांगायची लाज वाटली.

बारशाच्या आदल्या दिवशी भावाने दुसरंच नाव कळवलं. "सॉरी ताई, इकडच्यांना बोलायला सोपं पाहिजे ना यार. पण कुर्र तूच करायचं." वा, केवढी कृपा! तरी मी नवी साडी नेसून सोफ्यावर बसले. तिकडे फोन बाळाच्या कानाशी धरला. मी कुर्र केलं, त्यांनी ठरवलेलं नाव सांगितलं. त्या वेळी आत्याच्या पाठीत बायका धपाधप बुक्के घालतात. माझ्या पाठीमागे नुसती भिंत होती. कुणी पाठीत मारलं नाही म्हणून मला रडू आलं.

त्यानंतर मी हाक मारली नाही. दोन दिवसांनी काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या.

"तुझ्या भाचीसाठी केला. आवाज नाही हल्ली. गेली का गं?"

"गेली, काकू."

"अगं, एकदा दाखवायचीस तरी," काकू म्हणाल्या आणि शिऱ्याची वाटी माझ्याच हातात दिली.