डिक्कीत काय आहे?

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि माझं लिहिणं आजवर परीक्षेपुरतंच. त्यातून या माणसाबद्दल लिहिण्याचा हक्क तर मला मुळीच नाही. तरी लिहितो.

"डिक्कीत काय हाय, सांगा."

स्कूटरच्या सीटवर बोटांनी टकटक करत काका हे विचारायचे. नंदनवन भागातल्या एका दुकानसंकुलाच्या खाजगी पार्किंगमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. ते रोज सकाळी खाप्याहून बसने येऊन फाटक उघडायचे. मी कॉलेज करून संध्याकाळी तिकिटं फाडायला यायचो. तिकीट हरवलं तर दोनशे रुपये दंड, असा मालकाचा नियम. तुम्हीही कधी असे फाटकाशी उभे राहून सगळे खिसे उलटे केले असतील. समोर काका असते तर तुम्ही वाचला असता.

काका दंड घेत नसत, परीक्षा घेत. डिक्कीतल्या वस्तू बरोबर सांगितल्या की गाडी सोडत. पुण्याहून लग्न करून आलेल्या एका ताईंनी एकदा "कोथिंबीर" सांगितलं. काकांनी डिक्की उघडून जुडी वर धरली.

"चुकलं, ताई. हा सांभार हाय."

कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात, हे ठाऊक नसलेल्या त्या बिचाऱ्या घाबरल्या. "जा, पास केलं," काका म्हणाले.

मी एकदा चाचरत म्हटलं, "काका, दंडाचा नियम पाटीवर लिहिला आहे."

"कोठी हाय पाटी?"

"आतल्या भिंतीवर."

"म्हंजे गाडी लावल्यावर दिसते. मंग थे पाटी झाली का फंदा?"

"पण तिकिटाशिवाय चोरानं गाडी नेली तर?"

"चोराले डिक्कीतलं काय माहीत? चिठ्ठी हरवली गा, माणूस तं नाही हरवला!"

एका संध्याकाळी एक गृहस्थ बायकोसोबत आले. तिकीट हरवलेलं. काकांनी टकटक केली.

"डिक्कीत काय हाय, भाऊ?"

"कागदपत्रं. पुसायचं फडकं."

"अजून? वास येऊन राहिला."

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं आणि डिक्कीवर हात ठेवला.

"सांगा ना हो," ती म्हणाली. "सांगायला काय होते?"

गृहस्थांनी निमूट दोनशेची नोट काढली. "दंडच घेऊन टाका, काका."

काकांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा डिक्कीकडे, आणि नोट खिशात घातली. गाडी वळेपर्यंत आम्ही हसू दाबून धरलं.

"खर्रा हाय गा, तंबाखू-सुपारीचा! सोडला म्हणून सांगतलं असन बायकोले."

महिनाअखेरीस मालक आले. मला विचारलं, "या महिन्यात तिकिटं किती हरवली?"

"अकरा," मी खरं सांगितलं.

"आणि दंड एकाचाही जमा नाही? काका, पैसे कुठं जाऊन राहिले?"

"माह्यापाशी एक पैसा नाही, मालक."

"तू सांग बे. एकाकडूनही घेतले नाही?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि याचा तेव्हा मला अभिमान होता. "एकाकडून घेतले," मी म्हणालो.

काकांनी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मालक "उद्यापासून येऊ नका" म्हणाले, तेव्हा काकांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"खरं बोलला ना? मंग रडून काहून राहिला गा?"

आणि बस धरायला गेले. मी डोळे पुसले, पण मनात म्हटलं, नोट खिशात जाताना मी पाहिली होती.

त्यानंतर मी दंड घेऊ लागलो, नियमाप्रमाणे, पावती देऊन. सीटवर टकटक करायला माझा हात कधी उठला नाही.

गेल्या आठवड्यात तेच गृहस्थ आले, या वेळी एकटे. जाताना तिकीट दोन बोटांत धरून मला दाखवलं, मग इकडेतिकडे पाहू लागले.

"काका दिसत नाहीत?"

"काम सुटलं त्यांचं. तुमचे ते दंडाचे दोनशे..."

"माझे? ते तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत केले. सकाळी इथून जात होतो, तर हात करून थांबवलं. मी म्हटलं, अहो, डिक्कीत काय आहे ते मी सांगितलंच नव्हतं." ते हसले. "तर मला म्हणतात, 'चोराले एवढी लाज नाही वाटत, भाऊ. गाडी तुमचीच हाय.'"