नानांचा घोडा

धुळे-साक्री गाडीत तिकिटं फाडता फाडता मला कळलं. सुटे पैसे पुढे करत एक ओळखीचा म्हातारा म्हणाला, "कंडक्टरभाऊ, तुमना मळावाला नाना ग्यात ना..." पुढच्या थांब्यावर मी घंटी मारायची विसरलो. ड्रायव्हर मागे वळून खेकसला तेव्हा भानावर आलो. त्याला आता महिना होऊन गेला, पण अजून त्या थांब्याशी हात घुटमळतो.

नाना माझ्या वडिलांचे दोस्त. वडील गेल्यावर माझे झाले. साक्रीबाहेर मळ्यात राहायचे. काकू वारलेल्या, मुलगा सुरतेला. तरी कोणी त्यांना एकटं म्हणत नसे, कारण रोज संध्याकाळी ओसरीत भरीत, कळण्याची भाकरी आणि पत्त्यांचा डाव ठरलेला. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आसपासच्या मळ्यांत चोऱ्या झाल्या. मुलानं हट्टच धरला, सुरतेला या, नाहीतर जवळ काही ठेवा. नानांना मळा सोडायचा नव्हता. खेटे घालून परवाना मिळवला आणि धुळ्याहून रिव्हॉल्वर घेतलं. आयुष्यातलं पहिलं. परतले माझ्याच गाडीनं, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

"काय लयनात, नाना?" मी विचारलं.

"घोडा लिधा," मिशीत हसत ते म्हणाले. मस्करीची खोड जन्माचीच! मागच्या बाकावरच्यानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं जण घासाची पेंढी घेऊन मळ्यात हजर. त्यांना वाटलं, नानांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणला. नानांनी पिशवी उघडून दाखवली. पेंढी तिथंच टाकून दोघं परत फिरले.

गाव आठवडाभर हसलं आणि मग घाबरलं. म्हाताऱ्याची नजर अधू, अंधारात कोणाला चोर समजला तर? पोरांना मळ्याकडे फिरकायची बंदी झाली. मोठी माणसं बांधावरूनच ओरडायची, "नाना, मी शे, मी!" आतून "ये रे" आलं की मगच पुढे पाऊल. मीही तसंच करायचो. पण रोज इतका खटाटोप कोण करणार? डावाला चौथा मिळेना, मग तिसरा. एकदा नाना पत्ते पिसता पिसता मला म्हणाले, "चोर एक बी उना नही रे, दोस्त मात्र सगळा, बठ्ठा ग्यात."

निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. नाना रिव्हॉल्वर जमा करून आले आणि त्याच संध्याकाळी ओसरी भरली. वांगी कमी पडली. निकाल लागला, रिव्हॉल्वर घरी आलं, ओसरी पुन्हा ओस. "दर महिनाले निवडणूक पाहिजे," असं म्हणून ते हसायचे... मला ते हसणं ऐकवत नसे.

शेवटी त्यांनी ते विकून टाकलं. मुलगा चिडला, त्यालाही जुमानलं नाही. स्वतः बाजारात फिरून सांगत सुटले, "इकी टाकं भो, या आते बसाले!" पण ज्यानं रिव्हॉल्वरला घोडा म्हटलं, त्याचं कोण खरं मानणार? लोक मान डोलवायचे, हसायचे आणि म्हणायचे, नानांची मस्करी. कोणी आलं नाही. दोन माणसांचा डाव रंगत नाही, तरी आम्ही खेळायचो. माझी मुक्कामाची ड्युटी असली की नाना एकटेच पत्ते लावत बसत. त्यांच्याइतका माणसांचा भुकेला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यालाच माणसं मिळाली नाहीत, हे मला अजून सहन होत नाही.

नानांच्या गंधमुक्तीला, सुतक फिटल्याच्या जेवणाला, सगळं गाव लोटलं. माणसं बांध ओलांडून थेट ओसरीत शिरत होती, पोरं घरभर धावत होती, पत्रावळी पुरल्या नाहीत. मी ड्युटी संपवून उशिरा पोहोचलो. बांधावर पाय थबकले आणि तोंडातून निघून गेलं, "नाना, मी शे!"

पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. मी "ये रे"ची वाट बघत तिथंच उभा राहिलो.