शेवटचं प्रकरण चिकटवणाऱ्या बाई

रहस्यकथेचं पुस्तक आमच्या हातात देण्याआधी बाई त्याचं शेवटचं प्रकरण बंद करत. खाकी कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापायची, टोकांना खळ लावायची आणि शेवटच्या वीस-पंचवीस पानांभोवती गुंडाळून दाबून टाकायची. मग पुस्तक टेबलावरून आमच्याकडे सरकायचं. आठ दिवसांनी परत जायचं आणि त्यांच्यासमोर उभं राहून गुन्हेगार कोण ते सांगायचं. आपण घाईघाईनं तोंड उघडलं की बाई तळहात वर करत.

"नाव नको. कारण सांग."

कारण पटलं तर अंबाड्यातला आकडा काढून त्या पट्टी फोडत आणि तिथंच बाकावर बसून शेवट वाचायला देत. पटलं नाही तर पुस्तक तसंच घरी. "पुन्हा वाच. सगळं आतच आहे," एवढंच म्हणत आणि पुढच्या मुलाकडे वळत.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, मसाला कुटायच्या डंकाला लागून, कामगारांनी चालवलेलं एक वाचनालय होतं. डंक सुरू झाला की मधली भिंत थरथरायची आणि वाचणारे शिंकायचे. पुस्तकांना मिरचीचा वास यायचा. बाई तिथल्या ग्रंथपाल. रोज गिरगावातून ट्रामनं येत. चाळिशीच्या, उंच, दंडाला घट्ट बसणाऱ्या बाह्यांचं पोलकं घालणाऱ्या. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं आणि त्या बहिणीच्या संसारात राहत होत्या, एवढं सगळ्या चाळीला ठाऊक होतं. चाळीतल्या बायका त्यांना 'गिरगावची बाई' म्हणत. त्यात मान होता की टोमणा, ते बोलणारीवर अवलंबून असे. पण तिथं एक बाईमाणूस बसतं म्हणून आम्हा मुलींना वाचनालयात जायची मुभा होती. माझ्यासारख्या सातआठजणी जात.

आम्ही जायचो ते रहस्यकथांसाठी. बाईंच्या लेखी त्यांचे दोन वर्ग होते: मारामारीच्या आणि कोड्याच्या. मारामारीच्या त्या घेतच नसत. कोड्याच्या पुस्तकात पहिल्याच पानावर बंगल्याचा नकाशा असायचा. दिवाणखाना इथं, जिना तिथं, प्रेत या फुलीवर. त्या नकाशानं मला जितकं वेड लावलं तितकं पुढं कशानंच लावलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं राहत होतो आणि आमच्या घरात घडणाऱ्या गोष्टींना कारणंच नसत. धाकट्या भावाला ताप आला आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. का, ते कुणी सांगितलं नाही. वडलांच्या गिरणीतल्या खात्यातली चार माणसं एका सकाळी कमी झाली. का, ते त्यांनाही कळलं नाही. पुस्तकात मात्र भिजलेली छत्री उगीच भिजलेली नसायची. घड्याळ बंद पडलं तर कुणीतरी बंद पाडलेलं असायचं. आणि इन्स्पेक्टर, डॉक्टर, वकील या सगळ्या मोठ्या माणसांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट माझ्यासारख्या एखाद्या पोरीला दिसू शकायची. तुम्हीही त्या वयात अशी पुस्तकं वाचली असतील, तर 'मला दिसलं' या दोन शब्दांची चव तुम्हाला सांगायला नको.

वाचनालयाच्या चिटणिसांना हे मुळीच पसंत नव्हतं. "बाई, मुलांची डोकी बिघडतात," असं ते दर महिन्याला म्हणत.

"बिघडत नाहीत, चालू होतात," बाई म्हणत आणि भडक चित्रांच्या पुठ्ठ्यांवर खाकी कव्हरं चढवत बसत.

मग चळवळीचे दिवस आले. मुंबईसकट महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेशिवाय आमच्या भागात सकाळ उजाडेना. मोर्चे, हरताळ, अश्रुधूर, गोळीबार, सगळं झालं. माझे धाकटे काका गिरणीतून सुटले की पत्रकं वाटत. पत्रकांचे गठ्ठे वाचनालयात, मासिकांच्या बांधीव अंकांमागच्या खालच्या खणात ठेवलेले असत. हे काकांना ठाऊक होतं, चिटणिसांना ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं. आणि खाली वाकून पुस्तक शोधताना एकदा दिसले म्हणून मलाही ठाऊक होतं.

एका शुक्रवारी दुपारी पोलीस आले. इकडं तिकडं न बघता थेट त्या खणाशी गेले. गठ्ठे काढले आणि वाचनालयात बसलेल्या आमच्या चाळीतल्या दोन तरुणांना घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीत एकच प्रश्न होता: खबर कुणी दिली?

त्या आठवड्यात मी किती आनंदात होते, हे लिहायला आज लाज वाटते. खरं कोडं दारात आलं होतं. मी आणि माझी मैत्रीण शांता, आम्ही दोघींनी एक वही केली. पहिल्या पानावर वाचनालयाचा नकाशा काढला, खणावर फुली मारली. मग कारणं शोधली. आदल्या दिवशी बाईंनी वाचनालय तासभर आधी बंद केलं होतं. त्याच आठवड्यात त्या खणापुढचे बांधीव अंक त्यांनी स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवले होते. आणि त्यांच्या बहिणीचे यजमान पोलीस खात्यात कारकून होते. हे तर त्यांनीच शांताला बोलता बोलता सांगितलं होतं. शिवाय पुस्तकात गुन्हेगार कोण निघतो? ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही तो. आमच्या दृष्टीनं अशी व्यक्ती एकच होती. सगळं इतकं चपखल बसलं की मला रडू फुटेल असं वाटलं. ते बाईंसाठी नव्हतं, जमलं म्हणून होतं.

वही मी वडलांना दाखवली. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही नजर न टाकता सही करणारे माझे वडील. त्यांनी ती दोनदा वाचली. मग खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "हे चिटणिसांना दाखव."

पुढच्या आठवड्यात रविवारी दुपारी वाचनालयात सभा भरली. वीस-पंचवीस माणसं बाकांवर, चिटणीस बाईंच्या खुर्चीवर आणि बाई टेबलाच्या या बाजूला, जिथं आम्ही मुलं उभी राहायचो तिथं उभ्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

"वाच गं पोरी," चिटणीस म्हणाले.

मी वाचलं. अगदी बाईंनी शिकवलं होतं तसं वाचलं, एकेक कारण सुटं करून, आवाज न चढवता. बाई ऐकत होत्या. आठ दिवसांनी पुस्तक परत घेऊन गेल्यावर ऐकत तशाच, मान किंचित तिरकी करून. वाचून झाल्यावर त्यांनी सभेला सांगितलं की त्या दिवशी बंदोबस्तामुळं ट्राम लवकर बंद होणार होत्या. खणाला वाळवी लागली होती, म्हणून अंक हलवले. बहिणीचे यजमान खात्यात पगारपत्रकं लिहितात. हे त्यांनी एकदाच सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"खणात गठ्ठे आहेत हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"चिटणीसकाकांना. आमच्या काकांना." मी थांबले. "मला."

"मग त्यांची पानं कुठं आहेत वहीत?"

मी वहीकडे बघितलं. वहीत पानं होती ती सगळी बाईंचीच होती.

"लहान पोरीची उलटतपासणी करू नका, बाई," चिटणीस म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, "गिरगावचीच ती." माझे वडील दुसऱ्या बाकावर बसले होते. ते जमिनीकडे बघत होते. काका सभेला आलेच नव्हते. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवशी चाळीत माझं फार कौतुक झालं. शेजारच्या आजीनं मला खोबऱ्याची वडी दिली. मी ती खाल्ली.

पुढं वाचनालयात चिटणिसांचा भाचा बसू लागला. आम्हा मुलींचं जाणं आपोआप बंद झालं. रहस्यकथा शेजारच्या डंकवाल्याकडे रद्दीत गेल्या आणि वर्षभर त्यांच्या पानांच्या पुड्या आमच्या घरात येत राहिल्या. आई हळदीची पुडी सोडायची आणि मी पिवळा झालेला कागद उलगडून वाचायची. त्यात मधलीच पानं असत. पकडलेले दोघे काही महिन्यांनी सुटले. हार घातले, मिरवणूक निघाली. त्यातल्या एकाची गिरणीतली जागा गेली ती गेलीच. मिरवणुकीत काका त्यांच्या पुढं चालले होते.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. चाळीभर पताका लागत होत्या. काका शिडीवर चढून दोरी बांधत होते, खालून पोरं त्यांना चिडवत होती. मी आणि आई गॅलरीत तांदूळ निवडत होतो. मजेत येऊन मी म्हणाले, "ती गिरगावची बाई आज कुठं तोंड लपवून बसली असेल?"

"गप ऱ्हव," आई म्हणाली.

तिचा आवाज असा होता की मी सूप खाली ठेवलं. मग तिनं शिडीकडे बघत, हळू आवाजात, तिच्या मालवणीत सांगितलं. पोलीस वाचनालयात आले त्याच्या दोन दिवस आधी काकांना रे रोडला पत्रकांसकट धरलं होतं. दिवसभर चौकीत ठेवून मारलं. त्यांनी खणाची जागा सांगितली, तेव्हा सोडलं. घरी येऊन ते गिरणीच्या जिन्यावरून पडलो म्हणाले. आईनं त्यांची पाठ मिठानं शेकली होती. मीच तवा तापवून दिला होता. पाठीवर पट्ट्यासारखे वळ होते, जिन्यावरून पडल्यावर उठत नाहीत तसे. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते आणि वहीत लिहिले नव्हते. काका गुन्हेगार असू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आमचे होते.

"बाबांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तुझ्या बापाशीक सगळा म्हायत होता," आई म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी वडलांना गाठलं. ते चिडले नाहीत. त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "तो माझा भाऊ होता. ती आपली कोण होती?"

त्यांच्याशी यावर मी पुन्हा कधी बोलले नाही. काकांना तर काहीच विचारलं नाही. त्यांनी मार खाल्ला होता. माझ्या अंगावर कुणी बोटही उगारलं नव्हतं, तरी मी जे केलं ते केलं.

गिरगावात बाईंचं घर शोधायला मला दोन रविवार लागले. बहिणीकडे त्या राहिल्या नव्हत्या. वाचनालयात पत्रकं सापडली म्हणून बहिणीच्या यजमानांची ऑफिसात चौकशी झाली होती आणि त्यांनी बाईंना दुसरीकडे सोय बघायला सांगितलं होतं. आमच्याकडे त्या सरकारच्या ठरल्या आणि इथं चळवळीच्या. आता दुसऱ्या एका चाळीत, मागच्या बाजूच्या अर्ध्या खोलीत राहत होत्या आणि दोन घरी स्वयंपाक करत होत्या.

त्यांनी मला लगेच ओळखलं. आत घेतलं, पाणी दिलं. खोलीत एकही पुस्तक नव्हतं. मी पाठ करून नेलेलं सगळं सांगितलं: काका, रे रोड, चौकी, वडील. त्या कणीक मळत होत्या. हात थांबला नाही.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "छाप्याच्या आदल्या दिवशी तुझा काका पुस्तक परत द्यायला आला होता. बाकावर टेकला नाही. पुस्तक ठेवायला वाकताना त्यानं दात आवळले. पोलीस आले तेव्हाच मी समजले."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

"तुझे वडील समोर बसले होते. त्यांनी एकदा मान वर केली असती तर मी बोलले असते."

बाहेर नळावर कुणाचं तरी भांडण चाललं होतं. ते संपलं. मग मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

त्यांनी कणकेचा गोळा ताटलीखाली झाकला, हात धुतले, पदराला पुसले.

"तू बारा वर्षांची होतीस. तुला माफ करायला हवं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "जमलं नाही."

हे त्या रागावून बोलल्या नाहीत. जे आहे ते सांगितलं. मग कामाची वेळ झाली म्हणून त्यांनी दाराला कुलूप लावलं. पुढं त्या आणि मागं मी, असा आम्ही जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर मला वाटलं, त्या वळून काहीतरी म्हणतील. निदान कुठल्या ट्रामनं जाणार, एवढं तरी विचारतील. त्यांनी दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला आणि समोरच्या इमारतीच्या मागच्या, लोखंडी जिन्यानं वर चढू लागल्या. नोकरमाणसांचा जिना होता तो. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांच्या हातातली पिशवी मला दिसत होती.